फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता 'शेक' घ्यायचा की नाही? डॉक्टरांचं उत्तर का बदललं?

ऑपरेशन नीट झालं, गाठ पूर्ण निघाली, असं सर्जन सांगतात. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. त्यात लिहिलेलं असतं की, छातीच्या मधल्या भागातल्या लसिका ग्रंथींमध्येही कॅन्सरच्या पेशी सापडल्या आहेत.

मग नातेवाईकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आता लाईट द्यावी लागेल ना?"

लाईट, शेक, करंट. रेडिओथेरपीला आपल्याकडे अशी बरीच नावं आहेत. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या अशा रुग्णांसाठी या प्रश्नाचं उत्तर अनेक वर्षं 'हो' असंच असायचं. आज मात्र बऱ्याचदा डॉक्टर सांगतात, "केमो घ्या, औषधं घ्या, शेकाची गरज वाटत नाही."

हे ऐकून अनेक घरांमध्ये गोंधळ उडतो. शेजारच्या काकांना तर शेक दिला होता. मग आपल्या माणसाला का नाही? डॉक्टरांनी आशा सोडली का? की काहीतरी राहून जातंय?

यातलं काहीच नसतं. उपचार कमी करण्याच्या या निर्णयामागे दोन मोठ्या चाचण्या आणि जवळपास पाव शतकाचा वाद आहे. तो नेमका काय होता?

आधी हा आजार समजून घेऊ

फुफ्फुसाचा कॅन्सर हा जगात सर्वाधिक जीव घेणारा कॅन्सर आहे. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २५ लाख लोकांना त्याचं निदान झालं आणि सुमारे १८ लाख लोकांचा मृत्यू झाला.

यातले सुमारे ८५ टक्के रुग्ण 'नॉन स्मॉल सेल' या प्रकारातले असतात. हा लेखही त्याच प्रकाराबद्दल आहे.

दोन्ही फुफ्फुसांच्या मधल्या जागेत हृदय, अन्ननलिका, श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. डॉक्टर या जागेला मिडियास्टिनम म्हणतात. इथे लसिका ग्रंथींची साखळीही असते. फुफ्फुसातला कॅन्सर पसरायला लागला की त्याच्या वाटेवर या ग्रंथी लागतात. ज्या बाजूला मूळ गाठ आहे, त्याच बाजूच्या मधल्या ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोहोचला असेल तर रिपोर्टमध्ये 'एन-२' असं लिहिलं जातं. ही साधारण तिसरी स्टेज.

म्हणजे कॅन्सर फुफ्फुसाच्या बाहेर पडलाय, पण शरीरात दूरवर पसरल्याचं स्कॅनमध्ये दिसत नाही. यालाच 'लोकली अॅडव्हान्स्ड' म्हणतात. यातल्या काही निवडक रुग्णांचं ऑपरेशन करता येतं. बाकीच्यांचं करता येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

शेक देण्यामागचा तर्क काय होता?

तर्क अगदी सरळ होता. सर्जनने दिसणारी गाठ काढली, ग्रंथी काढल्या. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तिथेच राहिल्या असतील तर? त्या भागावर किरणं मारली की उरल्यासुरल्या पेशीही मरतील आणि आजार परत येणार नाही.

ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बऱ्याच रुग्णांना ऑपरेशननंतर याच कारणासाठी रेडिएशन दिलं जातं आणि त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. मग फुफ्फुसातही तसंच व्हायला हवं, असं वाटणं साहजिक होतं.

ऑपरेशननंतरच्या या रेडिएशनला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पोर्ट' म्हणतात.

१९९८ चा पहिला धक्का

१९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. तोवर झालेल्या ९ चाचण्यांमधल्या २,१२८ रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं. काहींना त्यानंतर शेक दिलेला, काहींना नाही.

शेकाचा फायदा किती, हे मोजायला संशोधक बसले होते. हाती आलं ते उलटंच.

शेक न घेतलेल्यांपैकी ५५ टक्के रुग्ण दोन वर्षांनी जिवंत होते. शेक घेतलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४८ टक्के होतं. मृत्यूचा धोका २१ टक्क्यांनी वाढलेला दिसत होता. आयुष्य वाढावं म्हणून दिलेला उपचार आयुष्य कमी करत होता.

पण या निकालात एक फट होती. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या आणि दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांचं झालं होतं. मधल्या ग्रंथींपर्यंत आजार गेलेल्या, म्हणजे एन-२ रुग्णांमध्ये नुकसान स्पष्ट दिसत नव्हतं. फायदाही स्पष्ट दिसत नव्हता.

त्यामुळे सुरुवातीच्या स्टेजमध्ये ऑपरेशननंतर शेक देणं बंद होत गेलं. तिसऱ्या स्टेजचा प्रश्न तसाच राहिला.

मग तरीही शेक का सुरू राहिला?

याची दोन कारणं होती.

पहिलं कारण म्हणजे तंत्रज्ञान. १९९८ च्या विश्लेषणातल्या चाचण्या जुन्या होत्या. अनेक ठिकाणी कोबाल्टची मशीन वापरलेली, छातीचा मोठा भाग किरणांखाली आलेला. नंतर लिनिअर अॅक्सिलरेटर आले, सीटी स्कॅनवर आखणी करून नेमक्या जागेवर किरणं सोडता येऊ लागली. जुन्या मशीनचं खापर नव्या मशीनवर का फोडायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. त्यात तथ्यही होतं.

दुसरं कारण म्हणजे हॉस्पिटलांच्या नोंदी. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदींमधून ४,४८३ एन-२ रुग्णांची माहिती तपासली गेली. सगळ्यांनी ऑपरेशन आणि केमो घेतलेली. त्यात शेक घेतलेल्यांचं मध्यमान आयुष्य ४५.२ महिने आणि न घेतलेल्यांचं ४०.७ महिने निघालं. म्हणजे साडेचार महिने जास्त.

आकडे मोठे, देश मोठा, फरक डोळ्यांत भरणारा. पण अशा नोंदींमध्ये एक मोठी अडचण असते.

शेक कोणाला द्यायचा, हे तिथे डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. ज्याची तब्येत ठणठणीत आहे, ऑपरेशनमधून जो लवकर सावरलाय, केमो ज्याला झेपली आहे, त्यालाच पुढचे पाच-सहा आठवडे शेक घ्यायला पाठवतात. जो थकलाय किंवा ज्याचा आजार तेवढ्यात परत आलाय, तो त्या मशीनपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणजे शेक घेणारा गट मुळातच जास्त जगण्याची शक्यता असलेल्यांचा असतो. श्रेय मात्र शेकाला मिळतं. आकडेतज्ज्ञ काही प्रमाणात ही तफावत भरून काढू शकतात, पण पूर्ण नाही.

खरं उत्तर मिळवायचा एकच मार्ग होता. सारख्याच रुग्णांचे दोन गट करायचे आणि कोणाला शेक मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं.

'लंग आर्ट' चाचणी: ११ वर्षं, ५०१ रुग्ण

हे काम केलं युरोपने. फ्रान्समधल्या गुस्ताव रूसी या कॅन्सर संस्थेच्या डॉ. सेसील ल पेशू यांच्या नेतृत्वाखाली २००७ मध्ये 'लंग आर्ट' नावाची चाचणी सुरू झाली. फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि बेल्जियम या पाच देशांतली ६४ हॉस्पिटलं त्यात होती. तरीही ५०१ रुग्ण मिळवायला २०१८ साल उजाडलं.

या सगळ्यांचा आजार एन-२ होता आणि ऑपरेशनमध्ये तो पूर्ण काढला गेला होता. २५२ जणांना शेक द्यायचं ठरलं, २४९ जणांना नाही. शेकाचा एकूण डोस ५४ ग्रे, तो २७ किंवा ३० बैठकांमध्ये विभागलेला. म्हणजे साडेपाच ते सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस.

निकाल २०२० मध्ये युरोपीय कॅन्सर परिषदेत मांडले गेले आणि नंतर 'द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये छापून आले.

आजार परत न येता तीन वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण शेक घेतलेल्यांमध्ये ४७ टक्के आणि न घेतलेल्यांमध्ये ४४ टक्के होतं. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे त्याला फायदा म्हणता येत नाही.

तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण शेक घेतलेल्यांमध्ये ६७ टक्के आणि न घेतलेल्यांमध्ये ६९ टक्के होतं. म्हणजे आयुष्य वाढलं नाही.

पण आजार तर तिथे कमी वेळा परत आला!

या चाचणीतला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग हा आहे.

शेकाने आपलं काम केलं नाही, असं झालेलंच नाही. आजार परतलेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांचा हिशोब मांडला, तेव्हा शेक न घेतलेल्या गटात ४६ टक्के जणांचा आजार छातीच्या मधल्या भागात परत आला होता. शेक घेतलेल्या गटात हेच प्रमाण २५ टक्के होतं. जिथे किरणं मारली, तिथे कॅन्सर बराच आटोक्यात राहिला.

मग आयुष्य का वाढलं नाही?

पहिलं कारण, तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर फक्त छातीत राहत नाही. ऑपरेशनच्या वेळीच त्याच्या काही पेशी रक्तातून दूरवर गेलेल्या असू शकतात. नंतर त्या मेंदूत, हाडांत, यकृतात डोकं वर काढतात. छातीवर दिलेला शेक तिथे पोहोचत नाही.

दुसरं कारण म्हणजे या शेकाची किंमत. ज्या जागेवर किरणं मारायची, तिच्या एका बाजूला हृदय आणि दोन्ही बाजूंना फुफ्फुसं. त्यातही एका फुफ्फुसाचा भाग ऑपरेशनमध्ये आधीच काढलेला. उरलेल्या फुफ्फुसावरच सगळा भार.

शेक घेतलेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांना फुफ्फुसाची गंभीर सूज आली. न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. हृदय आणि फुफ्फुसांचे गंभीर त्रास पुढे ११ टक्के रुग्णांना झाले, दुसऱ्या गटात ५ टक्क्यांना.

मृत्यूची कारणं पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. दोन्ही गटांत दगावलेल्यांची संख्या जवळपास सारखी होती. पण शेक न घेतलेल्यांमध्ये हृदय किंवा फुफ्फुसाच्या कारणाने झालेले मृत्यू एकूण मृत्यूंच्या २ टक्के होते. शेक घेतलेल्यांमध्ये १६ टक्के. कॅन्सरने जाणारे काही जण वाचले आणि जवळपास तेवढेच दुसऱ्या कारणाने गेले.

एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा हा हिशोब होता.

चीनमधून काय उत्तर आलं?

एका चाचणीवर विसंबून उपचार बदलत नाहीत. पण जवळपास त्याच काळात बीजिंगच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातही हाच प्रश्न तपासला जात होता. 'पोर्ट-सी' नावाच्या या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेल्या ३९४ रुग्णांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले होते. शेकाचा डोस होता ५० ग्रे.

इथे बहुतेकांना आयएमआरटी या जास्त अचूक तंत्राने शेक दिला होता. लंग आर्टमध्ये बहुतेकांना त्याआधीचं थ्रीडी तंत्र वापरलं होतं. त्यामुळे 'तुमचं तंत्र जुनं होतं' हा आक्षेप इथे चालणार नव्हता.

तीन वर्षं आजाराशिवाय काढणारे शेकाच्या गटात ४०.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३२.७ टक्के होते. शेकाच्या बाजूने झुकतं माप, पण योगायोगाची शक्यता नाकारता येईल इतकं नाही. तीन वर्षांनी जिवंत असणारे अनुक्रमे ७८.३ आणि ८२.८ टक्के. आयुष्य इथेही वाढलं नाही. फक्त छातीतला आजार परतण्याचं प्रमाण इथेही निम्म्यावर आलं.

दोन खंड, दोन तंत्रं आणि उत्तर जवळपास एकच. त्यानंतर सरसकट शेक देण्याची पद्धत मागे पडली.

म्हणजे शेक आता बंदच?

नाही. सोशल मीडियावर 'रेडिएशनने नुकसान होतं' असं एका ओळीत फिरणारं विधान इथेच धोकादायक ठरतं.

पहिली गोष्ट, या दोन्ही चाचण्या ज्यांचा आजार ऑपरेशनमध्ये पूर्ण निघाला, त्यांच्यावर झाल्या. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या असतील, म्हणजे रिपोर्टमध्ये 'मार्जिन पॉझिटिव्ह' असेल, तर गणित वेगळं असतं. तिथे शेकाचा विचार आजही होतो.

दुसरी गोष्ट, मधल्या बऱ्याच ग्रंथींमध्ये आजार असेल किंवा तो ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आला असेल, तर छातीत परतण्याचा धोका जास्त असतो. अशा काही रुग्णांना शेकाचा फायदा होत असावा, असं काही तज्ज्ञांना वाटतं. इथे निर्णय एकेक केस पाहून घेतला जातो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिसऱ्या स्टेजच्या ज्या रुग्णांचं ऑपरेशन करताच येत नाही, त्यांच्यासाठी केमोसोबत रेडिएशन हाच मुख्य उपचार आहे. भारतात बरेच रुग्ण आजार पुढे गेल्यावरच हॉस्पिटलात पोहोचतात. खोकला, वजन घटणं, थुंकीतून रक्त पडणं ही टीबीचीही लक्षणं असल्यामुळे कधीकधी आधी टीबीचाच उपचार सुरू होतो. त्यामुळे ऑपरेशनपर्यंत न पोहोचणारे रुग्ण आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी हा लेख वाचून शेक नाकारला तर जीवावर बेतू शकतं.

अर्थात, त्यांच्यातही जास्त डोस म्हणजे जास्त फायदा असं नाही. ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तिचे निकाल २०१५ मध्ये आले. नेहमीचा ६० ग्रे डोस घेणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य २८.७ महिने होतं. डोस वाढवून ७४ ग्रे केला, त्यांचं २०.३ महिने. हृदयावर किती किरणं पडतात, याकडे डॉक्टरांचं लक्ष जास्त जाऊ लागलं, त्यात या चाचणीचाही वाटा आहे.

मग ऑपरेशननंतर आजार परतू नये म्हणून काय करतात?

आजार शरीरभर फिरत असेल, तर उपचारही शरीरभर फिरणारा हवा. ऑपरेशननंतरच्या केमोमुळे पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ५.४ टक्क्यांनी वाढतं, हे ४,५८४ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातून २००८ मध्येच दिसलं होतं. आकडा लहान वाटतो, पण तो खरा फायदा आहे.

त्यानंतर औषधं झपाट्याने बदलली.

ट्यूमरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात ठराविक बदल असेल, तर ओसिमर्टिनिब ही रोज घ्यायची गोळी तीन वर्षं दिली जाते. 'अडॉरा' या चाचणीत दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजमधल्या अशा रुग्णांपैकी पाच वर्षांनी गोळी घेणारे ८५ टक्के जिवंत होते, न घेणारे ७३ टक्के. हा बदल भारतासह आशियातल्या रुग्णांमध्ये युरोपपेक्षा जास्त प्रमाणात आढळतो. म्हणूनच ट्यूमरची जनुकीय तपासणी महत्त्वाची ठरते.

दुसरीकडे इम्युनोथेरपी आली. निवोलुमॅब हे औषध केमोसोबत ऑपरेशनच्या आधीच देण्याला अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यामागच्या चाचणीत २४ टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर पेशीच सापडली नाही. फक्त केमो घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण २.२ टक्के होतं.

ही औषधं महाग आहेत. प्रत्येकाला चालणारी नाहीत आणि प्रत्येकाला परवडणारीही नाहीत. पण आजार जिथे-जिथे लपलाय तिथे पोहोचण्याची त्यांची ताकद शेकात नाही.

घरच्यांसाठी याचा अर्थ काय?

शेक म्हणजे फक्त मशीनखालची काही मिनिटं नसतात. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईत उपचाराला आलेल्या कुटुंबासाठी ते सहा आठवडे असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का याची चिंता, रोजचा प्रवास, बुडालेली मजुरी, घरी एकटी राहिलेली मुलं. सरकारी योजनेतून शेकाचा खर्च निघाला तरी हा खर्च निघत नाही. त्यातून आयुष्य वाढणार असेल तर कोणीही हे सगळं सोसेल. वाढणार नसेल, तर 'गरज नाही' असं सांगणारा डॉक्टर त्या कुटुंबाचे सहा आठवडे वाचवत असतो. आणि कदाचित त्या माणसाचं हृदयही.

म्हणून ऑपरेशननंतर डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा:

- आजार पूर्ण निघालाय का? मार्जिन निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह?
- किती ग्रंथी तपासल्या, किती ग्रंथींमध्ये आजार सापडला आणि तो एन-१ आहे की एन-२?
- ट्यूमरची जनुकीय तपासणी झाली का? इम्युनोथेरपीसाठी लागणारी पीडी-एल १ तपासणी झाली का?
- शेक सुचवत असाल तर नेमका कशासाठी? आयुष्य वाढावं म्हणून, की छातीत आजार परतण्याचा धोका जास्त आहे म्हणून?
- शेक कोणत्या तंत्राने देणार आणि हृदयावर किती डोस जाईल?
- ही केस ट्यूमर बोर्डसमोर, म्हणजे सर्जन, केमो आणि रेडिएशनच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत मांडली होती का?

शेक सुरू असेल तर तो स्वतःहून मध्येच थांबवू नका. डॉक्टरांनी तुमच्या रुग्णासाठी शेक सुचवला असेल, तर त्यामागे वर सांगितलेलं एखादं कारण असू शकतं. ते विचारून घ्या. पटलं नाही तर दुसऱ्या कॅन्सर तज्ज्ञाचा सल्ला घ्या. आणि डॉक्टर 'शेक नको' म्हणाले, तर त्याचा अर्थ त्यांनी तुमच्या माणसावर उपचार करणं सोडलं, असा होत नाही. सारख्याच आजाराच्या जवळपास ९०० रुग्णांनी, आपल्याला कोणता उपचार मिळेल हे माहीत नसताना, या दोन चाचण्यांमध्ये भाग घेतला. त्यांच्यामुळेच आज हे उत्तर डॉक्टरांकडे आहे.